रसेल, चेंबरलेन आणि न मोजलेले ब्लॉक

आता, सगळ्यात मोठा कोण, हा प्रश्न. बास्केटबॉलमध्ये तो सोडवायला मी बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन घेतो, कारण दोघं एकाच काळात आणि एकाच जागी, म्हणजे सेंटरला, खेळले.

१९६१-६२चा हंगाम बघा. चेंबरलेनची सरासरी सामन्यामागे ५०.४ गुण. त्यातच २ मार्च १९६२ला एका सामन्यात १००! आजवर तिथे कुणी पोचलेलं नाही. आणि त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला कोण? रसेल. तेव्हा मतदान पत्रकार नव्हे, खेळाडूच करायचे. म्हणजे मैदानावर दोघांना तोंड दिलेल्यांचा हा कौल.

त्यांनी काय पाहिलं असेल? रसेलचं खरं काम बचावाचं. शॉट अडवताना तो चेंडू प्रेक्षकांत भिरकवायचा नाही, शक्यतो आपल्याच माणसाकडे ढकलायचा. एनबीए ब्लॉक मोजायला लागली १९७३-७४पासून. रसेल १९६९लाच निवृत्त. त्यामुळे नुसते आकडे घेऊन बसलं की हे काम दिसतच नाही.

मग त्याची ११ विजेतेपदं सांगून विषय संपवायचा? तेही नको. १९५७ला, पहिल्या विजेतेपदाच्या वेळी, लीगमध्ये संघच होते ८. शिवाय बॉस्टनमध्ये त्याच्या जोडीला कूझी होता, पुढे सॅम जोन्स. चेंबरलेनला दोनच विजेतेपदं मिळाली, १९६७ आणि १९७२ची. त्याला साथ कमी पडली म्हणतात, पण १९६९ला वेस्ट आणि बेलर त्याच्याच संघात होते. तरी सातवा सामना रसेलच्या संघाने २ गुणांनी काढला.

माझं मत रसेलला, आणि ते मुख्यतः १९६२च्या त्या मतदानामुळे. जॉर्डन-लेब्रॉनकडे मध्यंतरानंतर येऊ.