टाकून दिलेले उत्तर

दहावीचा निकाल लागला, की ऐन पावसात रत्नागिरीच्या महाविद्यालयांत अकरावीच्या प्रवेशाची धांदल उडते. पावस, जयगड, लांजा या बाजूंनी एस.टी.ने येणारी मुले-मुली ओल्या छत्र्या कोपऱ्यात उभ्या करून वर्गात बसतात. त्यांपैकी अनेकांना दहावीत गणितात उत्तम गुण असतात. तरीही पहिली चाचणी झाली, की त्यांच्यातलेच काही जण हळूच येऊन विचारतात, “सर, गणित सोडून जीवशास्त्र घेतले तर चालेल का?”

मी भौतिकशास्त्र शिकवतो. माझ्या विषयातही ही मुले अडतात, ती बहुधा न्यूटनच्या नियमापाशी नाही. त्यानंतर येणाऱ्या बीजगणितापाशी अडतात. असे का होते, हे मला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक आहे. अकरावीच्या पहिल्या चाचणीत मला २५ पैकी ७ गुण मिळाले होते. एका वर्गसमीकरणाची दोन्ही मुळे मी बरोबर काढली होती आणि त्यांतले ऋण मूळ ‘काळ ऋण असू शकत नाही’ असे लिहून दहावीच्या सवयीने टाकून दिले होते. सरांनी त्या ओळीपुढे लाल शाईने एकच शब्द लिहिला होता : ‘का?’

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण रत्नदुर्ग किल्ल्यावर जाऊ. तेथे कड्याखाली समुद्र आहे. समजा, समुद्रापासून २५ मीटर उंचीवर उभे राहून आपण एक दगड सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला. (हे कागदावरच करा, खाली मच्छीमारांच्या होड्या असतात!) गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० धरू आणि हवेचा विरोध सोडून देऊ. मग क्ष सेकंदांनंतर दगडाची समुद्रापासूनची उंची

२५ + २०क्ष − ५क्ष²

इतके मीटर असेल. आता या राशीला प्रश्न विचारू.

दगड ४० मीटर उंचीवर केव्हा असेल? समीकरण येते क्ष² − ४क्ष + ३ = ०. उत्तरे १ आणि ३. खरे कोणते? दोन्ही! दगड वर जाताना पहिल्या सेकंदाअखेर तेथे असतो आणि खाली येताना तिसऱ्या सेकंदाअखेर पुन्हा तेथेच असतो.

दगड समुद्रात केव्हा पडेल? आता क्ष² − ४क्ष − ५ = ०. उत्तरे ५ आणि −१. पाच सेकंदांनी दगड पाण्यात पडेल, हे ठीक. पण −१ चे काय? ऋण एक सेकंद म्हणजे आपण दगड फेकण्याच्या एक सेकंद आधी. त्या वेळी दगड तर आपल्या हातात होता! पण समीकरणाला आपला हात दिसत नाही. त्याला फक्त दगडाची गती माहीत. ते सांगते, की एक सेकंद आधी कोणी समुद्राच्या पातळीवरून सेकंदाला ३० मीटर वेगाने दगड वर फेकला असता, तर तो आपल्यासमोरून नेमक्या २० मीटर वेगाने, नेमक्या त्याच क्षणी वर गेला असता. पडताळून पाहा : ३० × १ − ५ × १ = २५. म्हणजे −१ हे उत्तर चूक नव्हते. ते दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर होते. आपल्या प्रश्नासाठी ते सोडायचे, पण त्याचे कारण समजून सोडायचे.

भास्कराचार्यांनाही हाच पेच पडला होता. ११५० साली पुऱ्या झालेल्या त्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील बीजगणित या भागात वानरांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात, टोळीच्या आठव्या हिश्शाच्या वर्गाइतकी वानरे वनात खेळत आहेत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. एकूण वानरे ४८ किंवा १६. भास्कराचार्यांनी दोन्ही उत्तरे मान्य केली. दुसऱ्यात, टोळीच्या पाचव्या हिश्शातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली आणि एक बाहेर दिसते. उत्तरे ५० आणि ५. यांतले ५ त्यांनी नाकारले. ५ ही तर धन संख्या! पण तिचा पाचवा हिस्सा १, आणि त्यातून ३ वजा केले की −२ उरतात. उणे दोन वानरे लोकांना कशी पटणार, असा त्यांचा विचार. नुसते चिन्ह पाहून त्यांनी निर्णय दिला नाही. उत्तर पुन्हा गोष्टीत ठेवून पाहिले.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला, अशी त्यात नोंद आहे. तेव्हा बीजगणिताचे वर्ग महाराष्ट्राला नवे नाहीत!

आता शेवटचा प्रश्न. दगड ५० मीटर उंचीवर केव्हा जाईल? क्ष² − ४क्ष + ५ = ०. विवेचक १६ − २० = −४. दहावीत आपण ‘वास्तव मुळे नाहीत’ असे लिहून वही मिटतो. भौतिकीच्या भाषेत याचा अर्थ, दगड तेथवर पोचतच नाही. अकरावीत संमिश्र संख्या भेटतात आणि मुळे लिहिता येतात : २ + √−१ आणि २ − √−१. यांतल्या २ कडे नीट पाहा. दगड दोन सेकंदांनीच सर्वांत उंच असतो! न पोचणाऱ्या दगडाच्या उत्तरातही समीकरणाने एक खरी माहिती ठेवली आहे.

दहावीत उत्तर आले की उदाहरण संपते. अकरावीत उत्तर आल्यावर अर्धे काम उरते, आणि ते कोणी सांगत नाही म्हणून हुशार मुलेही घाबरतात. म्हणून गणित सोडण्याआधी एवढे करा : प्रत्येक मुळापुढे ‘का?’ लिहा आणि ते उत्तर मूळ प्रश्नात ठेवून पाहा. शिक्षकांनीही ऋण मूळ पुसण्यापूर्वी एक मिनिट फळ्यावर राहू द्यावे.

आणि हे तुमच्यासाठी : कोणत्या उंचीसाठी आपल्या समीकरणाची दोन्ही मुळे समान येतील? त्या क्षणी दगडाचा वेग किती असेल? उत्तर काढा आणि त्यापुढे लिहा : का?