मिशनच्या यादीतील कातकरी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेण आणि रोहा या तालुक्यांत ख्रिस्ती मिशनांच्या कामाचा विषय निघाला की एक समज हमखास पुढे येतो. अमेरिकेतील एका मिशनरी संस्थेच्या यादीत कातकरी, ठाकूर, आगरी, कोळी, कुणबी अशा एकेका समाजाचे स्वतंत्र पान आहे, त्यावर लोकसंख्येचा आकडा आहे, शेजारी लाल खूण आहे, आणि त्याअर्थी या समाजांचे धर्मांतर धडाक्याने चालू आहे, असा हा समज. त्या पानाचे छायाचित्र फोनवरून फिरत राहते आणि फिरता फिरता समाजाच्या एकूण लोकसंख्येचा आकडाच धर्मांतरितांचा आकडा होऊन बसतो. पान बनावट नसते, आकडाही बहुधा यादीतलाच असतो; वाचणाऱ्याने अर्थ तेवढा नेमका उलटा लावलेला असतो. ज्या समाजात ख्रिस्ती जवळजवळ नाहीत, असे यादी करणाऱ्यांचेच म्हणणे आहे, त्याच समाजापुढे ती लाल खूण येते.

ही यादी जोशुआ प्रोजेक्ट या संस्थेची आहे. इव्हँजेलिकल म्हणवणाऱ्या, म्हणजे बायबलचे प्रामाण्य, व्यक्तिगत श्रद्धापरिवर्तन आणि सुवार्ताप्रसार यांवर विशेष भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळींनी ती १९९५मध्ये सुरू केली. तिच्या मुळाशी असलेला विचार त्याआधी वीसेक वर्षांचा आहे. १९७४मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरलेल्या जागतिक परिषदेत राल्फ विंटर या अमेरिकन मिशन-अभ्यासकाने असा मुद्दा मांडला की देशागणिक हिशेब ठेवणे फसवे आहे, कारण एखाद्या देशात मंडळी (ख्रिस्ती उपासकांचा स्थानिक समुदाय) स्थापन झाली तरी त्याच देशातील वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या रीतिरिवाजांच्या लोकांशी तिचा कसलाही संबंध येत नाही. नागालँडमध्ये ख्रिस्ती बहुसंख्य आहेत, पण म्हणून रोह्याच्या डोंगरावरील कातकरवाडीत ख्रिस्ती विचार आपोआप जाऊन पोहोचत नाही, हे त्या मुद्द्याचे इकडचे उदाहरण ठरेल. यातून ‘जनसमूह’ हे मोजणीचे एकक पुढे आले आणि १९८२मध्ये शिकागो येथील बैठकीत त्याची व्याख्या ठरली, ती साधारण अशी, की समजुतीचा किंवा स्वीकाराचा अडसर न येता ज्याच्या आत मंडळ्यांची चळवळ पसरू शकते असा मोठ्यात मोठा गट म्हणजे जनसमूह. ज्या जनसमूहात इव्हँजेलिकल २ टक्क्यांपेक्षा अधिक नाहीत आणि सर्व पंथांचे मिळून ख्रिस्ती ५ टक्क्यांपेक्षा अधिक नाहीत, तो ‘सुवार्ता न पोहोचलेला’ समजायचा आणि त्याच्यापुढे लाल खूण करायची, एवढाच या खुणेचा अर्थ आहे.

महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती १ टक्क्याहूनही किंचित कमी, सुमारे १० लाख ८० हजार आहेत. तेव्हा मराठी समाजांपैकी बहुतेकांपुढे लाल खूण येणार हे सांगायला गुप्तहेर लागत नाही. लाल खूण पाहून धर्मांतराची लाट आल्याचे सांगणारा आणि तीच खूण पाहून परदेशातून मदतीचे आवाहन करणारा, दोघेही एकाच पानावर उभे आहेत. फरक इतकाच की दुसऱ्याने निदान व्याख्या वाचलेली आहे. अर्थात ही यादी निव्वळ अभ्यासासाठी आहे, असेही मानण्याचे कारण नाही. कुठे प्रचारक पाठवावेत, कोणासाठी प्रार्थना करावी, पैसा कुठे लावावा हे ठरवण्यासाठीच ती केलेली आहे आणि हा हेतू ती लपवत नाही. परंतु काय करण्याचा मनोदय आहे आणि प्रत्यक्षात काय घडले आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यादी पहिलीविषयी जितके सांगते त्याच्या पाव हिश्शानेही दुसरीविषयी सांगत नाही.

भारतात हा जनसमूह जातीवरून का ठरतो, असा प्रश्न साहजिकच पडतो, कारण अन्य अनेक देशांत तो मुख्यतः भाषेवरून ठरतो. त्याचे उत्तर अमेरिकेत शोधण्यापेक्षा मध्य भारतात शोधलेले बरे. १८९७मध्ये दमोह येथे जन्मलेल्या डोनाल्ड मॅकगॅव्हरन या मिशनऱ्याने भारतातील सामूहिक धर्मांतरांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९५५च्या ‘द ब्रिजेस ऑफ गॉड’ या पुस्तकात असे प्रतिपादन केले की माणसे एकेकटी ख्रिस्ती होतात तेव्हा आपल्या नातेगोत्यातून तुटतात, पण गोताच्या गोत आले तर कोणाला तुटावे लागत नाही. जातीची भिंत ओलांडायला न लावता जातीच्या आतच प्रसार करावा, असा त्याचा व्यावहारिक अर्थ निघाला. यावर खुद्द ख्रिस्ती विचारवंतांनी कडाडून टीका केली. ज्या मंडळीने जात मोडावी तीच या मार्गाने जात जपू लागेल, हा आक्षेप त्यात महत्त्वाचा होता आणि तो आजही निरुत्तर आहे. तरीही मोजणीचे एकक म्हणून जात टिकली.

या एककाचा प्रत्यक्षात कसा बोजवारा उडतो हे कातकऱ्यांच्या उदाहरणात स्वच्छ दिसते. रायगड जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमाती सुमारे साडेअकरा टक्के असून त्यांत कातकरी आणि ठाकूर हे प्रमुख आहेत. कातकरी, ज्यांचे नाव खैरापासून कात काढण्याच्या जुन्या व्यवसायावरून पडले, ते महाराष्ट्रातील तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक असून २०११मध्ये राज्यात त्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार नोंदली गेली. त्यांच्यात सोन कातकरी आणि ढोर कातकरी असे भेद आहेत, आणि आहाराच्या जुन्या वेगळेपणामुळे या दोहोंत परंपरेने रोटीबेटी व्यवहार नव्हता. स्वीकाराचा अडसर हीच जनसमूहाची कसोटी असेल तर हे दोन जनसमूह व्हायला हवेत, पण सरकारी अनुसूचीत ती सारी नावे एकाच नोंदीत आहेत आणि जनगणनेचा आकडाही त्या नोंदीचाच मिळतो. उपलब्ध आकड्यावर चालायचे तर व्याख्या बाजूला ठेवावी लागते आणि व्याख्या पाळायची तर आकडा उरत नाही.

आणि तो आकडा तरी किती भरवशाचा? २०११ची लोकसंख्या मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. पेण-रोह्याच्या वाड्यांची ज्याला थोडीही माहिती आहे त्याला ठाऊक असते की दिवाळीनंतर बरीच कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. फेब्रुवारीत वाडीवर म्हातारी माणसे तेवढी असतात, कुडाच्या घराला बाहेरून कडी असते आणि मालकाची उचल फेडणारे कुटुंब भट्टीशेजारच्या खोपटात असते. गणनेचा कर्मचारी त्या खोपटापर्यंत गेला तर ते त्या गावात मोजले जाते, न गेला तर कुठेच नाही. हाच आकडा पायाभूत धरून यादी करणारे दरवर्षी वाढीच्या दराने तो पुढे नेतात. शिवाय पानावरचा आकडा देशभरातील त्या समाजाचा असतो, पेण किंवा रोहा तालुक्याचा नव्हे. त्यावरून ‘आपल्या तालुक्यात इतके’ असे सांगणाऱ्यांच्या धाडसाला दादच द्यावी लागते.

आगरी, कोळी, कुणबी यांच्याबाबत तर एवढाही पाया नाही. अनुसूचित जाती-जमाती वगळता इतर जातींची मोजणी करून आकडे प्रसिद्ध होण्याचा प्रकार १९३१नंतर देशपातळीवर झालेला नाही. २०११च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणातील जातींचे आकडे बाहेर आले नाहीत आणि २०२७च्या जनगणनेत जातनिहाय नोंद घेण्याचे केंद्र सरकारने जाहीर केले आहे. तोवर आगऱ्यांच्या पानावरचा आकडा कोणत्याही संस्थेने छापला तरी तो अंदाजच असणार.

धर्माचा रकाना याहून नाजूक आहे. जनगणनेत धर्म विचारला जातो, पण ख्रिस्ती म्हणून नोंद झालेला माणूस कॅथलिक आहे की इव्हँजेलिकल, हे प्रसिद्ध कोष्टकांतून कळत नाही, मग त्याची श्रद्धा किती खोल आहे हे कळण्याची गोष्टच दूर. ज्या २ टक्क्यांवर सारी वर्गवारी तोललेली आहे ते २ टक्के म्हणूनच कार्यकर्त्यांच्या कळवण्यावरून आणि तर्कावरून भरले जातात. मापकाचे स्वरूप कळण्यासाठी रोह्यावरून वाहणारी कुंडलिका समुद्राला मिळते तिथपर्यंत जावे. खाडीच्या एका तीरावर रेवदंडा आहे आणि समोर कोर्लई. चौल-रेवदंड्याच्या परिसरात पोर्तुगीजांचा अंमल सोळाव्या शतकापासून १७४०पर्यंत होता आणि तेव्हापासूनची कॅथलिक वस्ती कोर्लईत आहे. तिची पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली स्वतंत्र बोली भाषाशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय झालेली आहे. या वस्तीला जोशुआ प्रोजेक्टची पाच पायऱ्यांची मोजपट्टी लावून पाहिली तर काय निघेल? ख्रिस्ती जवळजवळ शंभर टक्के, इव्हँजेलिकल नगण्य, म्हणजे तिसरी पायरी, ‘वरवर पोहोचलेले’. इतक्या पिढ्यांचा बाप्तिस्मा, चर्च आणि सणवार असलेले गाव वरवरचे ठरते, कारण ही पट्टी एका विशिष्ट पंथाने आपल्या कामापुरती आखलेली आहे. कॅथलिक चर्च तिच्यावर चालत नाही. रायगड ज्याच्या कक्षेत येतो त्या मुंबईच्या महाधर्मप्रांताचा हिशेब धर्मग्राम आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या यांच्यावर चालतो.

पट्टी बदलली की निकालही बदलतो. डेव्हिड बॅरेट यांनी १९८२मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘वर्ल्ड ख्रिश्चन एन्सायक्लोपीडिया’च्या परंपरेत किती जणांनी सुवार्ता स्वीकारली यापेक्षा किती जणांच्या कानावर ती गेली असावी याला महत्त्व दिले जाते, आणि त्यासाठी भाषेत बायबल आहे का, प्रसारण होते का, प्रचारक किती आहेत अशा गोष्टी हिशेबात घेतात. मराठीत बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनने नवा करार १८११मध्येच छापला होता. त्यामुळे एका यादीत ‘न पोहोचलेला’ असलेला मराठी समाज दुसऱ्या पट्टीवर बराच वर चढू शकतो.

कानावर जाणे आणि स्वीकारणे यांत केवढे अंतर असते, याचा याच किनाऱ्यावरचा पुरावा म्हणजे बेने इस्रायल. पेणकर, रोहेकर, चौलकर अशी आडनावे लावणाऱ्या या मराठीभाषक ज्यू समाजाकडे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांचे विशेष लक्ष होते. त्यांनी मुलांसाठी शाळा काढल्या, त्यांच्यापैकी जॉन विल्सन यांनी १८३२मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले, जुना करार वाचायला दिला. ख्रिस्ती झालेले अगदी थोडे निघाले. बाकीच्यांनी त्याच हिब्रूच्या आणि त्याच ग्रंथाच्या आधारे आपला यहुदी धर्म अधिक जाणतेपणाने पाळायला घेतला. त्या काळी टक्केवारीची यादी असती तर प्रचारकांची संख्या, शाळा, छापील पुस्तके या साऱ्या रकान्यांत हा समाज आघाडीवर दिसला असता.

उरलेले गैरसमज फार वेळ घेण्याजोगे नाहीत. ही माहिती गुप्त सर्वेक्षणातून चोरलेली आहे, असे म्हणतात. तिचा मोठा भाग जनगणना आणि भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण या सरकारी यंत्रणेने १९८५पासून के. एस. सिंग यांच्या नेतृत्वाखाली राबवलेल्या ‘पीपल ऑफ इंडिया’ प्रकल्पाच्या छापील खंडांसारख्या उघड साधनांतून येतो. २ टक्के ही मर्यादा बायबलमध्ये किंवा समाजशास्त्रात सिद्ध झालेली आहे, असे काही प्रचारकही सांगतात. तशी ती कुठेही सिद्ध झालेली नाही, आधी हीच मंडळी २० टक्के धरून चालत होती. २ टक्के ओलांडले की काम संपले, असे कोणतीही संस्था मानत नाही. पानावर ‘हिंदू’ लिहिले म्हणजे समाज आतून एकसारखा आहे, असे नव्हे. रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय चळवळीने कोळी वस्त्यांत काय केले किंवा वारीने आगऱ्यांच्या गावांत काय केले, याला त्या पानावर रकानाच नाही. आणि ख्रिस्ती झालेल्या कातकऱ्याचा जमातीचा दाखला आपोआप रद्द होतो, हेही खरे नाही: १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील धर्माची अट, जी आता हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरती आहे, ती अनुसूचित जातींना लागू होते, अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी अट घातलेलीच नाही.