पंधरा मिनिटांचा चार्ट आणि २०० दिवसांची रेघ

कात्रजहून बोलतोय, म्हणून उदाहरणही इथलंच. जुना घाट चढताना एखाद्या वळणावर गाडीचं तोंड परत पुण्याकडे होतं. म्हणून आपण परत निघालो, असं कुणी म्हणत नाही ना?

बिटकॉइनच्या चार्टचंही तसंच. मूव्हिंग ॲव्हरेज म्हणजे शेवटच्या अमुक इतक्या कँडल्सच्या क्लोजिंग भावांची सरासरी. नवी कँडल आली की सगळ्यात जुनी गळते. गंमत बघा, आकडा तोच २००, पण पंधरा मिनिटांच्या चार्टवर तो फक्त ५० तास बघतो आणि डेली चार्टवर २०० दिवस. (डेली कँडल बहुतेक ठिकाणी आपल्या पहाटे साडेपाचला बंद होते, बरं का.) मी आधी डेली बघतो. भाव रेघेच्या वर आहे का? रेघ स्वतः चढतेय का? मग छोटा चार्ट. दोघांचं पटलं नाही, तर मोठ्याचं ऐकतो.

पण रेघ मागून येते. मार्च २०२० मध्ये भाव आधी कोसळला, ५० दिवसांची रेघ २००च्या खाली गेली ती नंतर. तोवर भाव सावरायला लागला होता.

आणि छोट्या चार्टवर दर क्रॉसला खरेदी-विक्री केली तर? २०२२ पासून मर्यादेपलीकडच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. अशा २० विक्र्यांत भांडवलातले साधारण १८ टक्के अडकतात. रिटर्नमध्ये हिशोब होतो, पण तोवर पैसे हातात नाहीत. नफ्यावर ३० टक्के कर वेगळाच, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही.