गाईड पथकातील स्वयंसेवा, नेतृत्व आणि शिबिरजीवन : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

मराठवाड्यातील शाळांत स्काऊट-गाईड चळवळीची ओळख बहुधा गणवेश, संचलन आणि प्रमाणपत्र यांपुरतीच राहते. मुलींच्या गाईड पथकात प्रत्यक्ष काय घडते याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. पाणी भरणे, स्वयंपाक करणे, लहानांना सांभाळणे ही पथकातील अनेक कामे ग्रामीण मुलगी घरीही करीतच असते. फरक एवढाच की, घरी ते काम तिच्यावर सोपविलेले असते, तर पथकात त्या कामाचा निर्णय तिच्या हाती असतो. नेतृत्वाचा उगम या फरकात आहे. नांदेड व लातूर या जिल्ह्यांत तो कसा घडतो आणि कोठे अडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चळवळीची पार्श्वभूमी :

१९०९ साली लंडनमधील क्रिस्टल पॅलेस येथील स्काऊट मेळाव्यास काही मुली न बोलाविता उपस्थित राहिल्या. १९१० मध्ये बेडन-पॉवेल यांनी भगिनी अ‍ॅग्नेस यांच्या साहाय्याने मुलींसाठी गाईड ही स्वतंत्र संघटना उभी केली. थोडक्यात, मुलींनी आपली जागा मागून घेतली. भारतात पहिले गाईड पथक १९११ मध्ये जबलपूर येथे निघाले. आरंभी ते युरोपीय मुलींपुरते मर्यादित होते. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था स्थापन झाली व १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड संघटना तीत सामील झाली. पुण्यातील 'संगम' हे गाईड चळवळीचे जागतिक केंद्र १९६६ पासून कार्यरत आहे.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. मुलींच्या माध्यमिक शिक्षणाचा प्रसार येथे उशिरा झाला. गाईडचे पथक शाळेच्या आधारानेच उभे राहत असल्यामुळे जेथे मुलींची शाळा उशिरा पोहोचली, तेथे पथकही उशिराच पोहोचले.

संघपद्धती आणि नेतृत्व :

गाईड पथकाचा पाया म्हणजे संघ. सहा ते आठ मुलींचा एक संघ असतो आणि त्यास बहुधा फुलाचे नाव दिले जाते. संघनायिका व तिची साहाय्यिका यांच्यासह सर्व मुलींना काही ना काही पद असते : कोणी कोठी सांभाळते, कोणी हिशेब ठेवते, कोणी प्रथमोपचार पेटी पाहते. सर्व संघनायिका 'कोर्ट ऑफ ऑनर'मध्ये एकत्र येऊन पथकाचे कार्यक्रम, शिस्त व खर्च ठरवितात. गाईड कॅप्टनने तेथे सल्लागार म्हणून बसावे, अशी अपेक्षा असते. व्यवहारात मात्र अनेक ठिकाणी कॅप्टनच सर्व ठरविते आणि मुली मान डोलावतात. असे झाल्यास पदे उरतात, पण पद्धती उरत नाही.

'खरी कमाई' या उपक्रमाचेही असेच आहे. श्रम करून चार पैसे मिळविणे व त्याचा हिशेब देणे, हा त्याचा गाभा होय. मुलीने पालकांकडून पैसे आणून भरले, तर रक्कम जमा होते. कमाई होत नाही.

शिबिरजीवन :

प्रवेश, प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान आणि पुढे राज्य पुरस्कार, असा गाईडचा शिक्षणक्रम आहे. त्याची खरी परीक्षा शिबिरात होते. तंबू उभारणे, बांबू व दोरीच्या साहाय्याने खिळा न वापरता भांड्यांची मांडणी तयार करणे, सांडपाण्यासाठी व कचऱ्यासाठी वेगळे खड्डे खणणे, ही कामे संघांत विभागली जातात. सकाळी तंबूंची तपासणी होते, रात्री शेकोटी. भांड्यांविना स्वयंपाक हा मुलींच्या विशेष आवडीचा भाग. येथे एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. स्वयंपाक मुलींना नवा नसतो. नवे असते ते पाळीचे तत्त्व. आज चुलीपाशी असलेली मुलगी उद्या खड्डा खणते आणि परवा संघाचा हिशेब मांडते. घरात अशी पाळी क्वचितच बदलते.

या परिसरातील शिबिरात सर्वांत शिकविणारा विषय पाणी हा आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 'जलदूत' गाडीच्या पहिल्या खेपेत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. अशा प्रदेशातील मुलीस पाण्याचे मोल कोणी शिकवावे लागत नाही, कारण घरचा हंडा बहुधा तिच्याच डोक्यावर असतो. शिबिरात मात्र पिण्यासाठी किती, स्वयंपाकासाठी किती, स्नानासाठी किती, हे संघनायिका ठरविते आणि त्या निर्णयाबद्दल संघाला उत्तरही देते. वाटणी चुकली तर दुपारी भांडी तशीच राहतात. व्याख्यानांतून शिकविल्या जाणाऱ्या नेतृत्वापेक्षा हा अनुभव अधिक पक्का आहे.

प्रथमोपचाराचेही महत्त्व येथे वेगळे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडमातीची, जड माळवदाची घरे कोसळली आणि हजारो माणसे दगावली. अशा प्रसंगी बाहेरची मदत येईपर्यंतचे पहिले तास वाचलेल्या शेजाऱ्यांच्याच हाती असतात. गळ्यातील स्कार्फची झोळी करून मोडलेला हात आधारणे, दोन काठ्या व घोंगडीची डोली करणे, हे गाईडच्या अभ्यासक्रमातील धडे म्हणून केवळ गुणांपुरते पाहणे योग्य नव्हे.

परवानगी आणि स्वयंसेवा :

शिबिराची सर्वांत मोठी अडचण साहित्याची नसून रात्रीच्या मुक्कामाची आहे. मुलीस घराबाहेर राहू द्यावे की नाही, हा निर्णय पालक घेतात, आणि तो बहुतेक वेळा कॅप्टनकडे पाहून घेतात. शौचालय, आडोसा, मासिक पाळीच्या दिवसांतील सोय, रात्रीची गस्त यांची माहिती बाईंनी स्वतः घरी जाऊन दिली, तर नकार मवाळ होतो. छापील संमतिपत्राने हे साधत नाही.

म्हणून स्वयंसेवेचा खरा प्रश्न मुलींपेक्षा कॅप्टनचा आहे. चळवळीच्या तत्त्वानुसार ती स्वेच्छेने काम करणारी प्रौढ कार्यकर्ती असते. शाळेत मात्र पुष्कळदा मुख्याध्यापकांच्या आदेशाने एखाद्या शिक्षिकेकडे पथक येते. प्राथमिक व प्रगत प्रशिक्षणापासून हिमालय वुड बॅजपर्यंत जाणे यासाठी सुट्ट्या व घरची मोकळीक लागते, आणि ती तिलाही सहज मिळत नाही. जी अडचण मुलीची, तीच थोड्या वेगळ्या रूपात तिच्या बाईंची असते.

अशा शिक्षिकेची बदली झाली की पथक अनेकदा कपाटात बंद होते. दहावीनंतर विवाह किंवा स्थलांतर यांमुळे मुलींची गळती होते, आणि महाविद्यालयीन वयातील रेंजर गटापर्यंत थोड्याच पोहोचतात. ज्या पोहोचतात, त्यांना आपल्याच जुन्या शाळेत कॅप्टनच्या मदतनीस म्हणून जोडून घेणे महाविद्यालयांना अवघड नाही. पालकांच्या दृष्टीने त्या गावातल्याच, ओळखीच्या घरच्या मुली असतात. आणि तंबूची दोरी कोठे ठेवली आहे, हे त्यांना ठाऊक असते.