संवादाच्या आधीचे नाटक

तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना एखादी नाटिका लिहावयास सांगितली, म्हणजे त्यांच्या वहीत बहुधा संवाद उतरतात, नाटक उतरत नाही; आणि याचे कारण त्यांच्या प्रतिभेची उणीव हे नसून, नाट्यलेखन म्हणजे दोघांचे बोलणे लिहून काढणे, ही आपल्या वर्गांतून रूढ झालेली समजूत हे आहे. कथानक, पात्रे, संवाद, संघर्ष, नेपथ्य अशी घटकांची यादी फळ्यावर लिहिली जाते, तिच्या व्याख्या उत्तरपत्रिकेत जशाच्या तशा उतरतात, आणि तरीही ज्या एका गोष्टीमुळे हे सारे घटक परस्परांना बांधले जातात, ती पात्राच्या मनातील इच्छा, त्या यादीत कोठेच नसते.

वास्तविक आपल्या परंपरेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. नाट्यशास्त्रात कथावस्तूच्या आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम अशा ज्या पाच अवस्था सांगितल्या आहेत, त्या फळाची इच्छा धरणाऱ्याने आरंभिलेल्या कार्याच्या अवस्था आहेत. ही नावे मुलांकडून पाठ करून घ्यावीत असे माझे म्हणणे नाही; परंतु कोणाला काय हवे आहे, आणि ते त्याला सहजासहजी का मिळत नाही, हे दोन प्रश्न विचारल्याखेरीज पहिले वाक्य लिहिण्याची मुभा कोणालाही देऊ नये, असा माझा आग्रह आहे.

एक दाखला घेऊ. मुलीला शाळेच्या सहलीला जायचे आहे आणि संमतिपत्रावर वडिलांची सही हवी आहे. मुले हा प्रसंग दोन वाक्यांत संपवतात: मुलगी सही मागते, वडील नकार देतात, आणि मग दोघे एकमेकांना उपदेशपर भाषणे ऐकवतात. अशा वेळी शिक्षकाने एवढेच सांगावे की, वडिलांची नोकरी मागच्या आठवड्यात सुटली आहे आणि ती गोष्ट मुलीला कळू द्यायची त्यांची इच्छा नाही. आता वडिलांनाही काहीतरी हवे आहे. ते नकार देऊ शकत नाहीत, कारण नकाराचे कारण सांगावे लागेल. सही करू शकत नाहीत, कारण पैसे भरावे लागतील. म्हणून ते म्हणतात, "आधी माझा चष्मा शोध बरं." मुलगी म्हणते, "बाबा, तो तुमच्या खिशातच आहे." या दोन वाक्यांत ना नोकरीचा उल्लेख आहे ना पैशांचा, तरी वाचणाऱ्याला दोन्हींची चाहूल लागते. संवादाचे खरे काम सांगण्याइतकेच राखून ठेवण्याचेही आहे, हे मुलांना व्याख्येने कधीही पटणार नाही. हे दोन उद्गार मोठ्याने वाचले की तत्काळ पटते.

कार्यकारणभाव शिकवताना गडकऱ्यांच्या, 1919 साली रंगभूमीवर आलेल्या, 'एकच प्याला'चा आधार घ्यावा. सुधाकर दारू पितो, हे कथानक नव्हे. बुद्धिमान, मानी वकिलाची सनद तहकूब होते, त्या अपमानाचा दाह त्याला सोसवत नाही, आणि नेमक्या त्या घटकेला तळीराम त्याच्यापुढे पेला धरतो, हे कथानक होय. 'आणि मग', 'आणि मग' अशा जोडणीने घटना रचणाऱ्या मुलांना प्रत्येक सांध्यावर 'म्हणून' हा शब्द बसतो का, हे तपासावयास लावले, तर निम्मे संपादन त्यांची तीच करतात.

रंगसूचनांकडे तर फारच थोडे लक्ष दिले जाते. 'तो मनातून दुःखी होतो' असे कंसात लिहिलेले असते. ते नटाने करावयाचे कसे? जे दिसते आणि ऐकू येते तेवढेच लिहावे, हा दंडक प्रथमपासून पाळावा. त्याचप्रमाणे एकच स्थळ, दोन पात्रे आणि दहा मिनिटे एवढीच मर्यादा घालून द्यावी. चित्रपट पाहून वाढलेली मुले पाच पानांत आठ स्थळे बदलतात, आणि मग एकाही स्थळी काही घडत नाही.

मुलांसाठी नाटक ही गोष्ट मराठीला नवी नाही. सुधा करमरकरांनी 1959 साली 'लिटल थिएटर' उभे केले, रत्नाकर मतकरींनी एकाहून एक बालनाट्ये दिली, आणि बर्लिनच्या ज्या ग्रिप्स नाट्यचळवळीत प्रौढ नट मुलांच्या भूमिका करून मुलांचेच प्रश्न मांडतात, ती डॉ. मोहन आगाशे यांनी 1986 साली पुण्यात आणली. हे ऋण मोठे आहे. परंतु या साऱ्या उद्योगात लेखणी प्रामुख्याने मोठ्यांच्या हाती राहिली. ती कुमारवयीनांच्या हाती द्यावयाची, तर त्यांना राक्षस आणि पऱ्यांच्या पलीकडे, घरातील न बोललेल्या गोष्टींवर लिहू देण्याचे धैर्य शाळेने दाखवले पाहिजे. या वयात मूल प्रथमच मोठ्यांची लपवालपवी ओळखू लागते, आणि नाटकाला याहून सकस बीज दुसरे नाही.

मसुदा तयार झाला की शिक्षकाने ऱ्हस्वदीर्घाची तांबडी शाई तूर्त बाजूस ठेवावी आणि तो वर्गातील दुसऱ्या मुलांकडून वाचवून घ्यावा. लेखकाने त्या वेळी ऐकावे. खुलासा करू नये. वाचणारा जेथे अडखळतो, ते वाक्य जिभेला बसत नाही; ऐकणारे जेथे चुळबुळतात, तेथे कोणाला काही हवे असण्याचे थांबलेले असते. लेखकाने त्या दोन्ही जागी पेन्सिलीने खूण करावी, आणि दुसरा मसुदा त्या खुणांपासून सुरू करावा.