पाठमोरी साक्षीदार

पंधराव्या लुईच्या अमलात, १७२४ साली, लुइझियाना वसाहतीत 'कोड न्वार' हा कायदा जारी झाला. त्यात गुलामाची गणना जंगम मालमत्तेत केली होती, आणि धन्याच्या बाजूने वा विरुद्ध त्याची साक्ष घेऊ नये, असेही कलम होते. पुढे त्या मुलखावर स्पेनचा अंमल आला, तो पुन्हा फ्रान्सकडे गेला, आणि १८०३ मध्ये नेपोलियनने तो सुमारे दीड कोटी डॉलरांना अमेरिकेस विकला. परंतु हुकुमती बदलल्या तरी मळ्यांत राबणाऱ्यांची गुलामगिरी आणखी सहा दशके टिकली, आणि त्यांच्याच श्रमांतून निपजलेल्या ऊस-कापसाच्या दौलतीवर मळेवाल्यांच्या शुभ्र स्तंभांच्या हवेल्या दिमाखाने उभ्या राहिल्या.

त्या खरेदीच्या द्विशताब्दीनिमित्त न्यू ऑर्लीन्सच्या टुलेन विद्यापीठातील न्यूकम कलादालनाने कृष्णवर्णीय छायाचित्रकर्त्री कॅरी मे वीम्स यांस पाचारण केले, आणि २००३ मध्ये 'द लुइझियाना प्रोजेक्ट' सिद्ध झाला. त्यातील अनेक कृष्णधवल चित्रांत साधा सुती पोशाख ल्यालेल्या वीम्सबाई स्वतःच कॅमेऱ्याकडे पाठ करून वास्तूंसमोर उभ्या आहेत. अन्यत्र एका भव्य, रिकाम्या दालनात त्या एकट्याच नृत्य करताना दिसतात.

या पाठमोरेपणाचे मर्म त्यांच्या आधीच्या एका कृतीच्या संदर्भात उलगडते. १८५० साली हार्वर्डचे निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांनी, मानववंशांची उत्पत्ती भिन्न असल्याचे आपले मत पुराव्याने शाबीत करण्याच्या हेतूने, दक्षिण कॅरोलायनातील गुलाम स्त्रीपुरुषांची विवस्त्र वा अर्धविवस्त्र छायाचित्रे जोसेफ झीली यांजकरवी समोरून आणि बाजूने काढविली. त्यांतील काही छायाचित्रे वीम्सबाईंनी १९९५-९६ मध्ये रक्तवर्णात पुन्हा छापली, आणि वरील काचेवर शब्द कोरून, शास्त्राने त्या जिवंत माणसांचा केवळ नमुना कसा केला होता, हे उघड केले. झीलींच्या कॅमेऱ्यापुढे तोंड फिरविण्याचा अधिकार त्या माणसांना नव्हता. लुइझियानात वीम्सबाई तोच अधिकार बजावतात.

मुखच दिसत नसल्यामुळे त्या स्त्रीच्या मुद्रेवरील दुःख वाचण्याची आणि तिला हळहळ अर्पून मोकळे होण्याची प्रेक्षकाची सोय उरत नाही; तिच्या खांद्यावरून त्यालाही त्या हवेलीकडेच पाहावे लागते, आणि आजवर सौंदर्याचे प्रमाण म्हणून मिरविलेली वास्तू पाहता पाहता प्रतिवादीच्या जागी येऊन उभी राहते. ती स्त्री एखाद्या विशिष्ट गुलाम स्त्रीची भूमिका वठवीत नाही. ती साक्षीदार आहे, आणि तिची साक्ष तिच्या निश्चल उभे राहण्यातच आहे.

या पद्धतीत आक्रोश नाही, तशी क्षमाही नाही. हवेलीचे प्रमाणबद्ध सौंदर्य वीम्सबाई झाकून ठेवीत नाहीत, किंबहुना ते पुरतेपणी दाखवितात. म्हणूनच ते कोणाच्या श्रमांतून उभे राहिले, हा हिशेब पाहणाऱ्यास टाळता येत नाही.