नाटकांत तरुण टिकतात कशानें?

हल्लींच्या मुलांत चिकाटी नाहीं, ही तक्रार घरोघर ऐकूं येते. महाविद्यालयांतील मुलगा दोन महिने तालमींसाठीं रात्रीचें जेवण विसरतो. पण तेंच नाटक वर्षभर चालवावयाचें म्हटलें, कीं त्याचा उत्साह मावळतो. तेव्हां तक्रार खरीही वाटूं लागते. परंतु दोष त्याच्या स्वभावाचा किती व आपण त्याला दिलेल्या कामाचा किती, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं.

पूर्वीं १९१३ सालीं निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीसारख्या कंपन्यांतून मुलें वर्षानुवर्षें राहत, तीं केवळ कलेच्या ओढीनें नव्हे. जेवण, बिऱ्हाड व पगार सारें कंपनीकडे असे. आजच्या हौशी तरुणाला तसें बंधन नाहीं (आणि नाहीं हें बरेंच आहे). मग त्याला धरून ठेवणारें दुसरें काय?

करंडक, असें पुष्कळ जण म्हणतील. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेनें १९६३ सालीं सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेनें रंगभूमीला अनेक गुणी माणसें दिलीं, हें निर्विवाद आहे. पण स्पर्धेचा धर्मच असा, कीं निकालाबरोबर मंडळी पांगावयाची. २०२२ सालीं तर एकही एकांकिका पात्र न ठरल्यानें करंडक कोणासच दिला गेला नाहीं. केवळ करंडकासाठीं ज्यांनीं तालमी केल्या असतील, त्यांच्या हातीं काय उरलें? आणि आपला प्रयोग आणखी दहा वेळां करून सुधारावा असें ज्यांना वाटलें असेल, त्यांच्यासाठीं रंगमंच कोणी राखून ठेवला होता?

याच्या उलट उदाहरण विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चें. त्याच्या आशयावरून आपल्या घरांतून तीव्र मतभेद झाले; तो वाद येथें बाजूस ठेवूं. १६ डिसेंबर १९७२ रोजीं पुण्यांत प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशननें तें रंगभूमीवर आणिलें. १९ प्रयोगांनंतर संस्थेनें तें थांबविलें, तेव्हां दिग्दर्शक जब्बार पटेल व त्यांचे तरुण सहकारी बाहेर पडले. त्यांनीं १९७३ सालीं थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि १९८० सालीं तेंच नाटक युरोपांत नेलें. पटेल व नाना फडणविसाचें काम करणारे मोहन आगाशे हे दोघेही डॉक्टर. नाटकावर त्यांचें पोट मुळींच नव्हतें.

याचें मर्म मला त्या नाटकाच्या रचनेंतच दिसतें. त्यांत एका ओळींत उभ्या राहणाऱ्या ब्राह्मणांची भिंत आहे. ती गाते, नाचते, पडद्याचें काम करते, क्षणांत फुटते व पुन्हां जुळते. भास्कर चंदावरकरांचें संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचें नृत्य अंगीं मुरल्यावांचून तींत उभें राहतां येत नाहीं. आणि एक माणूस न आला, तर भिंतीला खिंडार पडतें. शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या मुलालाही रोज कांहीं शिकावयाचें उरतें आणि त्याच्यावांचून सर्वांचें अडतें.

आमच्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत मात्र चार हुशार मुलांना भाषणें व उरलेल्यांना भाले देण्याची चाल. भालेवाला तिसऱ्या तालमीपासून येईनासा होतो आणि आपण त्याला चंचल म्हणतों!

घरच्या वडीलमंडळींचाही यांत भाग आहे. ऐन परीक्षेच्या तोंडावर मुलाला नाटकांतून काढून घेण्याचा प्रसंग बहुधा टाळतां येण्यासारखा असतो. संस्थेनें वर्षारंभींच तालमींचे वार, सुटण्याची वेळ व परीक्षेसाठीं ठेवावयाचा खंड कागदावर लिहून घरीं पाठवावा. एखाद्या कच्च्या तालमीस आजी-आजोबांनाही बोलवावें. एकच प्रवेश सात वेळां मोडून पुन्हां उभा राहतांना ज्यांनीं पाहिला, ते ‘आज पुन्हां कशाला जातोस?’ असें सहसा विचारीत नाहींत.